ताण आमचा, पण ड्युटीची यादी कोणाची?

आदल्या दिवशी सकाळी आठला वॉर्डात शिरले होते, ती दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला बाहेर पडले. अठ्ठावीस तास. हॉस्टेलवर जाऊन आडवी होणार, तेवढ्यात मोबाइलवर संदेश आला: दोन वाजता सभागृहात 'नेतृत्वविकास आणि ताणतणाव व्यवस्थापन' या विषयावर प्रशिक्षण. सर्व पीजी विद्यार्थ्यांना उपस्थिती सक्तीची, अंगठा लावल्याशिवाय हजेरी धरली जाणार नाही. ताण कमी करण्यासाठी आमची झोप काढून घेतली गेली होती. हसू नका. हे तुमच्याही कॉलेजात होऊन गेलं असेल, नसेल तर लवकरच होईल.

बेंगळुरूतल्या एका रुग्णालयात मी मेडिसिनची पीजी करते. प्रशिक्षक भला माणूस होता. याच शहरातल्या आयटी कंपन्यांत अशी सत्रं घेतो म्हणाला. त्याने आधी दीर्घ श्वास घ्यायला लावले (निम्मी मुलं तिथेच झोपली), मग कागदावर एकात एक अशी दोन वर्तुळं काढायला सांगितली. जे तुमच्या हातात आहे ते आतल्या वर्तुळात, जे नाही ते बाहेरच्या. मी बाहेरच्या वर्तुळात चार गोष्टी लिहिल्या: ड्युटीची यादी, प्रॅक्टिकलचे गुण, सीट सोडल्यास भरावा लागणारा दंड आणि माझं आडनाव.

त्याने माझा कागद पाहिला, मान हलवली आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, बाहेरचं सोडून द्यायला शिका. जो आतल्या वर्तुळावर लक्ष देतो, तोच लीडर होतो."

माझं भांडण त्या माणसाशी नाही. पण त्याचं हे एक वाक्य मला गेले कित्येक दिवस सोडत नाही, कारण आपल्या आजोबा-पणजोबांना शतकानुशतकं हेच सांगितलं गेलं. जे बाहेर आहे ते बदलणार नाही, तू तुझं मन शांत ठेव. तेव्हा त्याला प्रारब्ध म्हणायचे. आता त्याचं प्रमाणपत्र मिळतं.

आता त्या चार गोष्टींकडे वळते.

आमच्या युनिटमध्ये पहिल्या वर्षाचे चार पीजी. दोघे ओपन, दोघी कॅटेगरीतल्या. शनिवार-रविवारची इमर्जन्सीची रात्र सगळ्यात वाईट असते. अपघात, विषबाधा, दूरच्या तालुक्यांतून रेफर झालेले रुग्ण, आणि हाताखाली माणसं सर्वांत कमी. तीन महिने मी वहीत नोंद ठेवली. तेरा आठवडे, सव्वीस रात्री. त्यातल्या दहा माझ्या, नऊ माझ्या मैत्रिणीच्या. उरलेल्या दोघांच्या मिळून सात. यादी बनवणाऱ्या सीनियरला मी हे विचारलं तेव्हा तो रागावला नाही. हसून म्हणाला, "तुम्हा लोकांना कष्टाची सवय असते ना, तुम्ही टिकता." शिवी दिली असती तर तक्रार करता आली असती. कौतुकाची तक्रार कुठे करायची?

प्रॅक्टिकलचंही तसंच. परीक्षेत हृदयाच्या झडपेची केस मिळाली. निदान बरोबर आलं, मर्मर बरोबर ओळखली. मग प्रश्न आला, "नीटला रँक किती होती?" तुम्ही जर पहिल्या पिढीचे पदवीधर असाल तर या प्रश्नाचा अर्थ तुम्हाला मी समजावून सांगायची गरज नाही. आता जात कोणी विचारत नाही, रँक विचारतात. त्यानंतर माझा आवाज बसला आणि पुढची दोन उत्तरं चुकली. गुण कमी पडले ते त्या उत्तरांचे. कागदावर सगळं नियमानुसारच झालं.

हा माझ्या एकटीचा हळवेपणा नाही. दिल्लीच्या एम्समध्ये दलित-आदिवासी विद्यार्थ्यांच्या छळाच्या तक्रारी आल्या तेव्हा 2006 मध्ये केंद्र सरकारने प्रा. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल 2007 मध्ये आला. पाहणीतल्या अनुसूचित जाती-जमातींच्या सुमारे 69 टक्के विद्यार्थ्यांनी शिक्षकांकडून पुरेसा आधार मिळत नसल्याचं सांगितलं. ही मुलं हॉस्टेलच्या ठराविक मजल्यांवर कशी ढकलली गेली, तोंडी परीक्षेत काय होतं, हे सगळं त्यात नोंदलेलं आहे. देशातल्या सर्वांत प्रतिष्ठित वैद्यकीय संस्थेबद्दल सरकारी समितीने हे लिहिलं, त्याला आता जवळपास दोन दशकं झाली. श्वासाचे व्यायाम शिकवणाऱ्या एकाही सत्रात मी या अहवालाचं नाव ऐकलेलं नाही.

आणि पायल. डॉ. पायल तडवी जळगाव जिल्ह्यातून मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोग विभागात पीजी करायला आली होती. आदिवासी तडवी भिल्ल समाजातली. 22 मे 2019 रोजी तिने जीवन संपवलं. प्रसूती करू न देणं, सगळ्यांसमोर अपमान, जातीवरून टोमणे असे आरोप तीन सीनियर डॉक्टरांवर झाले. घरच्यांनी विभागाकडे आधीच तक्रार नेली होती, असं तिच्या आईचं, आबेदा तडवी यांचं म्हणणं आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघींना शिक्षण पूर्ण करण्यासाठी कॉलेजात परतायची परवानगी दिली. आरोपांचं काय ते न्यायालय ठरवेल. मी फक्त एक प्रश्न विचारते: पायलने ताणतणावाचं शिबिर केलं असतं, तर नेमकं काय बदललं असतं? ऑपरेशन थिएटरचं दार तिच्यासाठी उघडलं असतं? की दार बंद असतानाही शांत राहायला ती शिकली असती?

कोणी म्हणेल, थकवा तर सगळ्यांनाच येतो, यात जात कशाला आणता? बरोबर आहे, थकवा सगळ्यांना येतो. राष्ट्रीय आयोगाने म्हणजे एनएमसीने वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर एक कृतिदल नेमलं होतं. त्याचं अध्यक्षपद याच शहरातल्या निम्हान्सचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. सुरेश बाडा मठ यांच्याकडे होतं. 2024 मध्ये त्याचा अहवाल आला. ऑनलाइन पाहणीत 5,337 पीजी विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली. त्यातल्या 31.2 टक्के जणांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं. जवळपास तिघांत एक. 45 टक्के जण आठवड्याला साठ तासांहून अधिक काम करत होते आणि निम्म्याहून जास्त जणांना आठवड्याची सुट्टी नियमित मिळत नव्हती. यात ओपनचीही मुलं आहेत, त्यांचंही दुःख खरं आहे. पण पाणी कमी पडतं तेव्हा वस्तीत सर्वांत शेवटी कोणाची घागर भरते, हे आपल्याला शिकवावं लागत नाही. विश्रांती कमी असते तेव्हा तिची वाटणी कशी होते, ते माझ्या वहीतल्या सव्वीस रात्री सांगतात.

त्याच अहवालात शिफारशी आहेत. समुपदेशन आहे, शिक्षकांना प्रशिक्षण आहे. पण ठळक शिफारस तासांची आहे: पीजी डॉक्टरला आठवड्याला 74 तासांहून जास्त काम नको, एक पूर्ण सुट्टी हवी, रोज सात-आठ तास झोप हवी. 74 तास म्हणजे काही चैन नव्हे. 1992 च्या केंद्रीय रेसिडेन्सी योजनेत तर सलग बारा तास आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा सांगितली होती. एनएमसीच्या 2023 च्या पीजी नियमांत आकडा गायब झाला आणि 'वाजवी' तास एवढाच शब्द उरला. वाजवी कोणाच्या मते? यादी लिहिणाऱ्याच्या. आता 74 चा आकडा पुन्हा कागदावर आला, तर आमच्या कॉलेजाने त्या अहवालातलं सर्वांत स्वस्त तेवढं उचललं. तास कमी करायचे तर माणसं भरावी लागतात, त्याला पैसा लागतो. शिबिराला एक सभागृह, एक प्रोजेक्टर आणि एक दुपार पुरते. तीही आमचीच.

सलग छत्तीस तास जागणं म्हणजेच उत्तम डॉक्टर, ही समजूत आली कुठून? रेसिडेंट म्हणजे रुग्णालयातच राहणारा. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉलस्टेड या सर्जनने शस्त्रक्रियेच्या प्रशिक्षणाची ही पद्धत घडवली. हॉलस्टेड मोठा सर्जन होता, आणि कोकेनच्या व मॉर्फिनच्या व्यसनात अडकलेलाही होता. त्या काळातल्या त्या माणसाच्या रुग्णालयातला रिवाज आज निपाणीहून आलेल्या मुलीच्या योग्यतेचा निकष झाला आहे. आणि परंपरा म्हणून मिरवलेल्या गोष्टींची मुळं खणून पाहायला तर आपल्याला जोतीरावांनीच शिकवलं आहे.

तिथेही हे आपोआप सुधारलं नाही. मार्च 1984 मध्ये न्यूयॉर्कमध्ये लिबी झायन ही अठरा वर्षांची मुलगी रुग्णालयात भरती झाल्यावर काही तासांत गेली. तिला पाहणारे शिकाऊ डॉक्टर तासन्‌तास ड्युटीवर होते, अनेक रुग्ण एकाच वेळी सांभाळत होते. तिचे वडील पत्रकार आणि वकील होते, त्यांनी प्रकरण लावून धरलं. 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्याने रेसिडेंट डॉक्टरांसाठी आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली, 2003 मध्ये ती अमेरिकाभर आली. तिथे बाप लढला, इथे आई लढते आहे. आबेदा तडवी आणि रोहितची आई राधिका वेमुला या दोघी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. उच्च शिक्षणातला भेदभाव रोखायला यूजीसीने 2012 मध्ये केलेले नियम प्रत्यक्षात आणा, एवढीच त्यांची मागणी. समान संधी कक्ष असावा, भेदभावविरोधी अधिकारी असावा, असं ते नियम सांगतात. तुमच्या कॉलेजात तो अधिकारी कोण आहे? नाव सांगता येईल? आमच्या सत्राला आलेल्या साठेक जणांना मी हे विचारलं. एकालाही सांगता आलं नाही. नेतृत्वाचे सात गुण मात्र सगळ्यांना सांगता आले, ते पडद्यावर होते.

शिबिरांनी फरक पडतो का, हेही कोणी मोजलेलं नाही असं नाही. ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी ब्रिटनमधल्या 233 संस्थांतल्या 46,336 कर्मचाऱ्यांची माहिती तपासून 2024 मध्ये निष्कर्ष मांडला. ताण व्यवस्थापन, सजगता, खंबीरपणा यांची प्रशिक्षणं घेतलेले लोक, न घेतलेल्यांपेक्षा बऱ्या अवस्थेत आढळले नाहीत. डॉक्टरांच्या थकव्यावरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये आला होता. कामाची व्यवस्था बदलणाऱ्या उपायांचा परिणाम एकेका डॉक्टरला दिलेल्या प्रशिक्षणापेक्षा जास्त दिसला. आम्हाला रोज 'एव्हिडन्स काय?' असं विचारणाऱ्या प्रोफेसरांना हे पुरावे माहीत नसतील, असं मी कसं म्हणू?

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर माझ्या लिहिण्याचा भलताच अर्थ निघेल. समुपदेशन नको, असं मी म्हणत नाही. पहिल्या वर्षी एका रात्री मी जिन्यात बसून टेली-मानसच्या 14416 या नंबरवर फोन केला होता. पलीकडच्या बाईंनी माझं अर्धं कन्नड, अर्धं हिंदी शांतपणे ऐकून घेतलं. त्या रात्री त्याचा मला उपयोग झाला. तुमच्यावर तशी वेळ आली तर फोन करा, लाजू नका, आणि जवळच्या एकाला तरी सांगा. आपल्या घरांतून डॉक्टर झालेलं माणूस आपल्याला जिवंत हवं आहे. पण बाईंनीही शेवटी विचारलंच, "ड्युटी बदलून मिळेल का?" त्यांना कळलं होतं. कळत नाही ते फक्त सभागृहाला.

आता नेतृत्वाबद्दल. त्या सभागृहात एकही युनिट हेड नव्हता. यादी बनवणारा सीनियर नव्हता. ज्यांच्या हातात दुसऱ्याची झोप आहे, गुण आहेत, थिएटरचं दार आहे, त्यांना नेतृत्व शिकवायची कोणाला गरज वाटली नाही. ज्यांच्या हातात स्वतःची सुट्टीसुद्धा नाही, त्यांना बसवून सांगितलं, तुम्ही लीडर आहात.

नेतृत्व मी दुसरीकडे पाहिलं आहे. माझी आई निपाणीत विड्या वळायची. रोजच्या हजार विड्या, मांडीवर सूप, बोटांना तंबाखूचा वास. संध्याकाळी विड्या मोजून घेताना ठेकेदाराचा माणूस त्यातल्या मूठभर 'खराब' म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे मिळत नसत. पण त्या विड्या फेकल्याही जात नसत, त्या विकल्या जात. आईच्या गल्लीतल्या बायका संघटनेत गेल्या आणि त्यांनी एक साधी मागणी केली: खराब म्हणता ना, मग त्या आमच्या डोळ्यांसमोर मोडा. मोडायला लागल्यावर खराब विड्या अचानक कमी झाल्या. त्या बायकांना शांत मनाने विड्या वळायचं शिक्षण कोणी दिलं असतं तर त्यांनी ते घेतलंही असतं. पैसे मात्र मोडून दाखवा म्हटल्यावरच मिळाले. याच निपाणीत 1925 मध्ये बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृतांची परिषद भरली होती. नेतृत्व म्हणजे संघटन, हे आमच्या गावाला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे.

म्हणून आपलं मागणं 'मोडून दाखवा' याच धर्तीवर असायला हवं. ड्युटीची यादी महिनाभर आधी, लेखी, भिंतीवर लागलेली असावी. दर तीन महिन्यांनी रात्रपाळ्या आणि सुट्टीच्या दिवसांच्या ड्युट्या कोणाच्या वाट्याला किती आल्या, याची बेरीज जाहीर व्हावी आणि ती समान संधी कक्षाने प्रवर्गनिहाय तपासावी. तोंडी परीक्षेत रँक, आडनाव, गाव विचारण्यावर बंदी असावी आणि कमी गुणांचं कारण लेखी मिळावं. भेदभावविरोधी अधिकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर प्रत्येक वॉर्डात लावावा, आणि तो अधिकारी तक्रार असलेल्या विभागातला नसावा. सीट सोडण्याचा जबर दंड रद्द करावा. जानेवारी 2024 मध्ये एनएमसीनेच राज्यांना ते सुचवलं आहे. ज्याच्या घरी पैसा आहे तो छळ असह्य झाला की दंड भरून निघून जातो. ज्याची आई विड्या वळते, त्याला तिथेच राहावं लागतं. हा दंड सगळ्यांना सारखा आहे, आणि म्हणूनच तो सारखा नाही.

हे सगळं मागायच्या आधी मात्र आपल्याकडे वही पाहिजे. तारीख, वेळ, कोणी काय म्हटलं, तिथे कोण होतं. आठवणीवर कोणी विश्वास ठेवत नाही, बेरजेवर ठेवावा लागतो. सरकारी कॉलेज असेल तर 2005 च्या माहिती अधिकारात ड्युटीच्या याद्या मागा. एकट्याने तक्रार घेऊन जाऊ नका, किमान तिघांनी सही करा. ओपनमधला एखादा प्रामाणिक सहकारी सोबत आला तर त्याला घ्या, असे असतात, आमच्या चौघांतलाच एक नंतर आला. आणि तुम्ही सीनियर झालात की यादी तुमच्या हातात येईल. त्या दिवशी आपल्याला कोणी कसं वागवलं याचा सूड ज्युनियरवर काढू नका. खरी परीक्षा तीच.

सत्र संपल्यावर मी आईला फोन केला. दोन वर्तुळांची गोष्ट सांगितली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ती यादी लिवणारा बाबा हुता का तिथं?"

"नव्हता."

"मग तुमास्नी कशाला बसवलं?"

पुढच्या महिन्यात दुसरं सत्र आहे, तेही सक्तीचं. आम्ही सहा जण जाणार आहोत. प्रत्येकाकडे वहीची झेरॉक्स असेल. वर्तुळं काढायला सांगितली की काढू. मग उठून उभे राहू आणि आईचा पहिला प्रश्न माइकवर विचारू.

जय भीम.